दीड फुटाचे पाच लाख घ्यावेत का?

तुमचं पत्र थोडक्यात असं. कोथरूडला वडिलांचा बंगला. शेजाऱ्यांनी १९९४ मध्ये बांधलेली कंपाउंड वॉल तुमच्या हद्दीत दीड फूट आत, लांबी साठ फूट. ते आता बंगला बिल्डरला देतायत. 'भिंत हीच हद्द' असं पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलंत, तर पाच लाख देतो म्हणतात; दोन चेकनं, तीन रोख. सही करू का?

या कागदावर नको.

आपसात मिटवायला माझा विरोध नाही. उलट कोर्टात जायचं म्हणाला असतात तर मीच अडवलं असतं. वर्षं जातात, आणि भिंतीला १२ वर्षं कधीच उलटल्यामुळे 'इतकी वर्षं ताबा आमचा, म्हणून जागाही आमचीच' हा मुद्दा ते काढणारच.

पण दीड फूट हा आकडा तुम्ही घरच्या टेपनं काढलाय. टेपचं टोक कुठे धरलं यावरच फूटभर फरक पडतो! आधी सिटी सर्व्हे ऑफिसला 'हद्द कायम' मोजणीचा, म्हणजे सरकारी नकाशाप्रमाणे हद्द मोजून खुणा करून देण्याचा अर्ज द्या. शेजाऱ्यांना रीतसर नोटीस जाते, खर्च काही हजारांत.

मोजणीत भिंतच हद्दीवर निघाली तर विकायला काही उरलंच नाही; पैसे न घेता सही द्या. जागा तुमची निघाली तर मात्र ही ९० चौरस फुटांची विक्री झाली. तिला रजिस्टर खरेदीखत लागतं, स्टॅम्प ड्युटी लागते, प्लॉटचा तुकडा पाडायला महापालिकेची मंजुरी लागते, शिवाय नफ्यावर कर. नोटरीच्या शिक्क्यानं मालकी बदलत नाही. आणि ते तीन लाख रोख? जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीत, बहिणीचं नाव असेल तर तुमच्या एकट्याच्या सहीनं भागत नाही, हेही आलंच.

भावही बघा, फुटाला साधारण साडेपाच हजार पडतोय. तुमच्या भागाचा रेडीरेकनर (जागेचा सरकारी दर) शेजारी ठेवून ताडून पाहा. उद्या तुम्हीही रिडेव्हलपमेंटला गेलात तर एफएसआय (प्लॉटच्या मापात मिळणारं बांधकाम) त्या ९० फुटांवरही मिळणार आहे.

खरं तर बंगला पडणार म्हणजे ती भिंतही पडणारच. जागा तुमची निघाली तर पाच लाख सोडा आणि नवी भिंत त्यांच्या खर्चानं मोजणीच्या खुणांवर बांधून मागा. घाई बिल्डरला आहे, तुम्हाला नाही. मोजणीच्या दिवशी बहिणीला घेऊन हजर राहा, आणि खुणा पुसायच्या आत फोटो काढून ठेवा.