धमनी फुगलीय, आणि डॉक्टर म्हणतात थांबू या

‘पोटातली महाधमनी फुगलीय, पण ऑपरेशन आत्ता नको, अधूनमधून तपासत राहू’ हे ऐकून घरी आलेल्या माणसाची झोप उडते. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: एवढं गंभीर आहे, तर डॉक्टर काही करत का नाहीत?

असेच एक काका ही धास्ती घेऊन माझ्याकडे आले होते. एसटीतून निवृत्त, वय अडुसष्ट. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) प्रोस्टेटसाठी केलेल्या सोनोग्राफीत 4.2 सेंटीमीटरचा फुगवटा सापडला. कोणीतरी नातेवाईक म्हणाला, “टाइमबॉम्बच की!” तो शब्द काकांच्या डोक्यात बसला.

काकू सांगत होत्या, “दिवा घालवला की यांचा हात पोटावर. ठोका लागतो का बघत पडतात.” खोकला आला तरी दाबायचा, नातवाला उचलायचं नाही, फिरायला जायचं नाही. बीपीचं मशीन उशाशी. घाबरून मोजायचे, आकडा जास्त यायचा, तो बघून आणखी घाबरायचे.

मी त्यांना शंका कागदावर लिहून सर्जनकडे न्यायला सांगितलं. उत्तरं काकूंनी लिहून आणली. ही धमनी साधारण 2 सेंटीमीटर रुंद असते, 3 च्या पुढे गेली की फुगवटा म्हणतात. पुरुषांमध्ये ऑपरेशनचा विचार बहुधा 5.5 ला, बायकांमध्ये 5 ला, किंवा फुगवटा झपाट्याने वाढला तर. त्याआधी फुटण्याचा धोका कमी असतो. लहान फुगवट्यांवर लवकर ऑपरेशन केल्याने माणसं जास्त जगत नाहीत, हे ब्रिटन आणि अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासांत दिसलंय. म्हणून थांबायचं. काकांची सोनोग्राफी वर्षातून एकदा ठरली. आणि पोटावर लागणारा ठोका? तो सडपातळ, धडधाकट माणसालाही हाताला लागतो.

मग मी विचारलं, “काका, विडी?”

काका गप्प. काकू म्हणाल्या, “वाढलीय उलट.”

मला इथेच खरं काम दिसलं. काका नातवापासून, खोकल्यापासून, जिन्यापासून स्वतःला जपत होते, आणि ज्या गोष्टीने फुगवटा भराभर वाढतो ती तेवढी हातात होती. विडी सोडवायला वेळ लागला, दोनदा परत सुरू झाली. शेवटी डॉक्टरांनी निकोटिनचं च्युइंगम दिलं, त्याचा आधार झाला.

बीपी सकाळ-संध्याकाळच मोजायचं ठरलं, मशीन काकूंच्या कपाटात गेलं. काळजी करायला संध्याकाळी चहानंतरची पंधरा मिनिटं. रात्री विचार आला की “उद्या चहानंतर” म्हणायचं. सुरुवातीला काकांना हे पोरकट वाटलं, पण झोप लागू लागली. सर्जननी चालायला आणि नातवाला उचलायलाही परवानगी दिली. दम कोंडून पोती उचलायची नाहीत, एवढंच.

पाकिटात एक चिठ्ठी आहे: पोटात किंवा पाठीत अचानक असह्य कळ, घेरी, दरदरून घाम आला, तर वाट न पाहता 108, आणि फुगवट्याचं आधी सांगायचं. हे कागदावर असल्यामुळे रात्रभर पहारा द्यावा लागत नाही, असं काका म्हणतात.

सोनोग्राफीच्या आधीचा आठवडा अजून जड जातो. त्या आठवड्यात ते माझ्याकडे येतात. हा फुगवटा घराण्यात असू शकतो, म्हणून यंदा धाकट्या भावालाही तपासणीला घेऊन जाणार आहेत.