गरम पाण्याने सुटलेले इपॉक्सी फ्लोअरिंग : उरलेले पैसे रोखता येतील का?

अंबड औद्योगिक वसाहतीत टोमॅटो प्युरीचा कारखाना चालवणाऱ्या एका वाचकांनी मे महिन्यात सुमारे नऊ लाख रुपयांचे इपॉक्सी फ्लोअरिंग (जमिनीवर रेझिनचा कडक, अखंड थर) करून घेतले. पावसाळ्यात त्याला फुगे आले आणि केटलजवळचा (प्युरी शिजवण्याच्या मोठ्या भांड्याजवळचा) थर सुटून वर आला. ‘तुमच्या कोब्यातच ओल आहे’ असे सांगून कंत्राटदाराने हात वर केले असून उरलेल्या साडेतीन लाखांसाठी व्याजासह नोटीस पाठवली आहे. ही रक्कम द्यावी की रोखावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

या वादाचा निकाल मुख्यतः एका मुद्द्यावर अवलंबून राहील : जमिनीचा वापर कसा होणार हे कंत्राटदाराला माहीत होते का, आणि इपॉक्सीची निवड कोणाच्या भरवशावर झाली. आपण काम ठरण्यापूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवर केटलचे फोटो आणि ‘रोज उकळत्या पाण्याने धुतो’ हा मजकूर पाठवला होता. त्यानंतर आलेल्या कोटेशनवर ‘अन्नप्रक्रिया विभागासाठी योग्य’ अशी ओळ आहे. माझ्या मते हाच आपला सर्वांत भक्कम पुरावा आहे. गोदामाला किंवा असेंब्ली शॉपला इपॉक्सी उत्तम चालते. परंतु जिथे उकळते पाणी सांडते आणि पाठोपाठ थंड पाणी मारले जाते तिथे तापमानाच्या धक्क्याने ती तडकते व सुटते, म्हणून अशा जागी सहसा पॉलियुरेथेन काँक्रीट (असा धक्का सोसणारे रेझिन-सिमेंटचे मिश्रण) सुचवले जाते. वापर ठाऊक असूनही जाणकाराने अयोग्य माल सुचवला असेल, तर भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 73 खाली नुकसानभरपाई मागता येते आणि माल विक्री अधिनियम 1930 च्या कलम 16 मधील तत्त्वाचाही आधार घेता येतो. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश असलेला फोन जपून ठेवावा, कारण ते न्यायालयात सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र जोडावे लागेल.

कोटेशनच्या तळाशी ‘जमिनीतील ओलीची जबाबदारी आमची नाही’ अशी अट आहे, आणि ती हलक्यात घेऊ नये. मात्र काम सुरू करण्यापूर्वी ओल तपासणे अवघड नसते : प्लास्टिकचा चौकोनी तुकडा कोब्यावर चारही बाजूंनी टेपने चिकटवून किमान सोळा तास ठेवला, की खाली साचलेले दवबिंदू किंवा काळवंडलेले काँक्रीट दिसते. अशी कोणतीही तपासणी न करता आणि आपल्याला सावध न करता प्रायमर (इपॉक्सीखालचा पहिला हात) मारला असेल, तर त्या अटीचा आडोसा बराच कमकुवत होतो. उलट, कोबा खरोखरच ओला निघाला आणि त्याखाली ओल अडवणारा थरच नसेल, तर नुकसानीचा काही भाग आपल्याकडेही येऊ शकतो, हे आपण गृहीत धरावे.

म्हणून फ्लोअरिंग आत्ताच उखडू नये. कंत्राटदाराला लेखी सूचना देऊन संयुक्त पाहणीस बोलवावे. तो न आल्यास स्वतंत्र स्थापत्य अभियंत्याकडून अहवाल घ्यावा. सुटलेला तुकडा उलटा करून पाहिला तरी बरेच कळते : खाली सिमेंटची पातळ साय चिकटलेली असेल तर कोब्याचा वरचा थर कमकुवत होता, आणि खालची बाजू स्वच्छ व गुळगुळीत असेल तर ग्राइंडिंग (इपॉक्सी धरावी म्हणून कोबा यंत्राने घासणे) नीट झाले नसल्याचा संशय बळावतो. असे तुकडे तारीख घालून, पाकिटात सीलबंद करून ठेवावेत. अहवाल हाती आल्यावर मात्र दुरुस्ती लांबवू नये, कारण टाळता येण्याजोगे नुकसान वाढू दिल्यास भरपाई कमी होते.

नोटिशीतील व्याजाची मागणी सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम 2006 वर आधारलेली आहे. या कायद्यानुसार पुरवठादाराला पैसे देण्यासाठी लेखी कराराने जास्तीत जास्त 45 दिवसांची मुदत ठेवता येते, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. सेवा मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत नसेल तर ती स्वीकारली असे मानले जाते. आपण फक्त फोनवर तक्रार केलीत, हा आपला कच्चा दुवा आहे. तरीही त्यामुळे भरपाईचा हक्क संपत नाही. मजुरी व माल एकत्र असलेली कंत्राटे या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत असे मुंबई उच्च न्यायालयाने काही निकालांत म्हटले आहे. तो आक्षेप उत्तरात अवश्य घ्यावा. फॅसिलिटेशन कौन्सिलची (या कायद्याखालच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या परिषदेची) नोटीस आली तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नये, तिथेच प्रतिदावा दाखल करावा, कारण कौन्सिलच्या निवाड्याला आव्हान देताना खरेदीदाराला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते.

ग्राहक आयोगाचा मार्ग मला आपल्यासाठी योग्य वाटत नाही. व्यावसायिक हेतूने घेतलेली सेवा त्यातून वगळलेली आहे, आणि केवळ उपजीविकेसाठीच्या स्वयंरोजगाराचा अपवाद कामगार ठेवून चालवलेल्या कारखान्याला लागू होणे कठीण आहे. तीन लाखांवरच्या व्यावसायिक वादासाठी तातडीचा अंतरिम आदेश नको असेल, तर दाव्यापूर्वी मध्यस्थी बंधनकारक आहे. आपल्या प्रकरणात तिथेच तडजोड होण्याची शक्यता मला बरी दिसते. दाव्याची मुदत करारभंगापासून तीन वर्षे आहे.

या आठवड्यातच नोटिशीला वकिलामार्फत उत्तर द्यावे. दोष, पाहणीची तारीख आणि दुरुस्तीचा अंदाजित खर्च त्यात लिहून, तो खर्च उरलेल्या रकमेतून वजा करण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत राखून ठेवावा. दुरुस्तीपेक्षा जास्त होणारी, वादात नसलेली रक्कम मात्र देऊन टाकावी.