नांदेडहून निघायचंय: पुणे, बंगळूर की हैदराबाद?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २४, राहणार नांदेड, दोन वर्षं जावा या प्रोग्रामिंग भाषेवर काम, तेही घरूनच. आता हातात नोकरीच्या तीन ऑफर, आकडे वर्षाच्या पगाराचे. पुण्याची साडेनऊ लाखांची, हैदराबादची ११ ची आणि बंगळूरची १२ ची. घरचे म्हणतात पुणे, मित्र म्हणतात बंगळूर, हैदराबादचं नाव कुणीच घेत नाही.

मी परभणीची. काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. २०१४ ते १८ पुण्यात काढली, मग कोरोना येईपर्यंत बंगळूर, आणि २०२२ पासून हैदराबाद. म्हणजे माझा कल कुठे असणार ते तुम्हाला कळलंच असेल. लपवत नाही, तुमच्या जागी मी हैदराबाद घेतलं असतं. पण त्याआधी एक तक्रार. तुम्ही तिन्ही शहरांची नावं लिहिलीत, ऑफिसांचे पत्ते लिहिले नाहीत. पत्ता नसेल तर हा प्रश्न अर्धाच आहे.

बंगळूरला गेले तेव्हा माझं ऑफिस व्हाइटफील्डला होतं आणि मी खोली घेतली बीटीएम लेआउटला. कारण काय, तर परभणीच्या दोन मैत्रिणी तिथे राहायच्या. नकाशावर वीसेक किलोमीटर दिसलं. आपल्याकडच्या माणसाला वीस किलोमीटर म्हणजे अर्धा तास, फार तर रस्ता खराब म्हणून पाऊण. सिल्क बोर्डच्या चौकात मोबाइलचे स्टँड विकणारा एक पोरगा असायचा. तो आमच्या कॅबची काच वाजवून पुढे जायचा, पार रांगेच्या टोकापर्यंत विकत जायचा, परत यायचा आणि पुन्हा आमचीच काच वाजवायचा. एकाच सिग्नलला. शेवटी शेवटी तो मला ओळखून हसायला लागला होता. जाऊन-येऊन रोज साडेतीन तास. चार महिन्यांनी मैत्रिणींना राम राम केला आणि कुंदलहळ्ळीला, ऑफिसपासून चालत वीस मिनिटांवर, वन बीएचके घेतला.

तिथे दुसरा धडा. भाडं १६ हजार, डिपॉझिट दहा महिन्यांचं, म्हणजे एक लाख साठ हजार, तेही चावी मिळायच्या आधी. बाबांनी सोयाबीनचे पैसे पाठवले तेव्हा जमलं. २०२० मध्ये घर सोडलं तर एक महिन्याचं भाडं रंगकामाचं म्हणून कापलं, आणि उरलेले पैसे दोन महिने फोन करकरून काढावे लागले. आता बरेच मालक पाच-सहा महिन्यांवर तयार होतात असं तिथल्या मैत्रिणी सांगतात, तरी १२ लाखांचा आकडा बघताना ही सुरुवातीची रक्कम कुठून आणणार ते आधी ठरवा. पुण्यात मी दोन महिन्यांचं दिलं होतं, हैदराबादेतही दोनच.

आता पगाराचं. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर शून्य आहे, त्यामुळे तुमच्या तिन्ही ऑफर कराच्या दृष्टीने सारख्याच. पण ऑफरमधला आकडा, म्हणजे सीटीसी, हा कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च असतो, हातात येणारा पैसा नव्हे, हे पहिल्या नोकरीत कळलंच असेल. कंपनीचा पीएफ त्यात, ग्रॅच्युइटी त्यात, आणि तुमचा पीएफ पुन्हा वेगळा कापला जाणार. बेसिक, म्हणजे मूळ पगार, निम्मं धरलं आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापला, तर १२ लाखांचे महिन्याला साधारण ८५ हजार हातात येतात, ११ लाखांचे ७८ च्या आसपास. फरक सात हजारांचा. त्यात व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारा आणि हमी नसलेला भाग, किती आहे हे एचआरला ईमेलवर विचारा, फोनवर नको. १२ मधले दीड लाख व्हेरिएबल निघाले तर दर महिन्याच्या पगारात बंगळूर हैदराबादच्याही खाली जातं. पुण्याचे साडेनऊ मात्र खरोखर कमी आहेत. हैदराबादच्या तुलनेत महिन्याला दहा हजारांची तूट घरच्यांच्या समाधानासाठी सोसायची असेल तर सोसा, पण ती कशासाठी सोसतोय ते माहीत असू द्या.

आणि आता जी गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. जागा निवडताना त्या शहरातल्या पहिल्या नोकरीचा विचार सगळे करतात. तुम्ही दुसरीचा करा. तुमच्या वयात माणूस दोन-तीन वर्षांत नोकरी बदलतो, किंवा कंपनीच आपल्याला बदलते.

पुण्यात आयटीची दोन टोकं आहेत. पश्चिमेला हिंजवडी आणि बाणेर, पूर्वेला खराडी, मगरपट्टा. माझ्या एका मैत्रिणीने हिंजवडीची नोकरी सोडून खराडीची घेतली तेव्हा नवऱ्याचं ऑफिस हिंजवडीतच राहिलं. मग दोघांनी मधोमध घर घेतलं आणि दोघंही रोज अडकायला लागली. बंगळुरात तर व्हाइटफील्ड एकीकडे, इलेक्ट्रॉनिक सिटी दुसरीकडे, मान्यता टेक पार्क तिसरीकडे, आणि मध्ये तो आउटर रिंग रोड. नोकरी बदलली की बिऱ्हाड बदललंच म्हणून समजा, म्हणजे पुन्हा नवं डिपॉझिट, पुन्हा रंगकाम.

हैदराबादचं तसं नाही. आयटीचा बहुतेक पसारा पश्चिमेच्या एकाच पट्ट्यात आहे: माधापूर, हायटेक सिटी, रायदुर्ग, गच्चीबोवली, नानकरामगुडा, फायनान्शियल डिस्ट्रिक्ट. मायक्रोसॉफ्टचं डेव्हलपमेंट सेंटर इथे १९९८ पासून आहे, ॲमेझॉनने २०१९ मध्ये नानकरामगुड्यात भलंमोठं कॅम्पस उघडलं. २०२३ च्या मार्चमध्ये आमच्या टीममधल्या नऊ जणांना एकाच दिवशी घरी पाठवलं, त्यात मी होते. सकाळी अकराला मीटिंग, साडेअकराला लॅपटॉप बंद. त्या दिवशी संध्याकाळी मी खाली उतरून टपरीवर चहा प्यायले तेव्हा डोक्यात एकच हिशोब चालू होता, भाडं किती महिने निघेल. सात आठवड्यांनी नोकरी मिळाली. ऑफिस जुन्या ऑफिसपासून तीन किलोमीटरवर. घर तेच, दूधवाला तोच. पुण्यात किंवा बंगळुरात नोकरी मिळाली नसती असं मी म्हणत नाही, बंगळुरात कदाचित आधी मिळाली असती. पण घर तेच राहिलं असतं का, याची मला शंका आहे.

बंगळूरची बाजूही सांगायला हवी. जावातून पुढे तुम्हाला स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रॉडक्ट कंपनीत किंवा स्टार्टअपमध्ये घुसायचं असेल, रात्री दोनला सर्व्हर पडला म्हणून जागणं तुम्हाला आवडत असेल, तर बंगळूरच. तिथे जेवायला बसलं तरी शेजारच्या टेबलावर कुणीतरी आपलं ॲप समजावून सांगत असतं. हवा तर विचारूच नका, मे महिन्यात पांघरूण घेऊन झोपलेय मी. पाण्याचं मात्र विचारा. घर बघताना कावेरीचं पाणी येतं की बोअरचं, हा पहिला प्रश्न. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे टँकरसाठी जी मारामार झाली ती विसरू नका. आणि मेट्रो: व्हाइटफील्डपर्यंतची पर्पल लाइन २०२३ पासून सलग धावते, ऑगस्ट २०२५ पासून यलो लाइन सिल्क बोर्डवरून इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाते. तुमचं ऑफिस या दोन मार्गांवर असेल तर माझे साडेतीन तास तुमच्या वाट्याला येणार नाहीत. बेळ्ळंदूर-मारतहळ्ळीच्या बाजूला असेल तर चालत जाता येईल अशीच खोली घ्या, तीस टक्के महाग पडली तरी.

पुण्याबद्दल फार लिहीत नाही, तुमच्या निम्म्या वर्गाने ते आधीच सांगितलं असेल. भाषा आपली, मावशी-काका आहेत, लग्नाच्या बाजारात ‘पोरगं पुण्याला असतं’ या वाक्याला वजन आहे. (हैदराबादच्या मुलाला विचारतात, ‘मग पुण्याला कधी येणार?’) मी कर्वेनगरला मावशीकडे राहून हिंजवडी फेज तीनला जायचे. पावसाळ्यात वाकडच्या पुलावर बसमध्ये उभ्याने एक अख्खी क्रिकेट मॅच ऐकलीय. हिंजवडी ते शिवाजीनगर २३ किलोमीटरची मेट्रो आहे, तुम्ही रुजू व्हाल तेव्हा ती कुठल्या स्थानकापर्यंत चालते ते बघा आणि त्यावर घर ठरवा.

राहिला घराचा ओढा. तुम्ही त्याबद्दल लिहिलं नाही, पण २४ व्या वर्षी मीही लिहिलं नसतं. नांदेडहून हैदराबाद पावणेतीनशे किलोमीटरच्या घरात, पुणे साडेचारशेच्या. देवगिरी एक्सप्रेस नांदेडहून निजामाबाद, सिकंदराबाद करत थेट लिंगमपल्लीला जाते, आणि लिंगमपल्ली ते गच्चीबोवली रिक्षाचं अंतर आहे. शुक्रवारी संध्याकाळी वाटलं म्हणून शनिवारी घरी जेवायला जाता येतं. बंगळूरहूनही नांदेडची थेट गाडी आहे, बीदर-उदगीर-परळी करत येते, पण रात्र आणि वर जवळजवळ अख्खा दिवस खाते. बाबांना २०१९ मध्ये दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी त्याच गाडीत होते आणि रेंज लातूर रोडला आली.

इथे परकं वाटेल का? ऑफिसात जेवणाच्या टेबलावर तेलुगू चालतं, पहिले सहा महिने तुम्ही डबा खाता खाता सगळ्यांच्या तोंडाकडे बघाल. पण बाहेर दखनी हिंदी, जी आपल्या आजोबांच्या कानाला नवी नव्हती. १९५६ पर्यंत आपला मराठवाडा याच हैदराबाद राज्यात होता, माझे आजोबा उर्दूत शिकले. काचीगुडा, सुलतान बाजारकडे जुनी मराठी घरं आहेत, विवेकवर्धिनीसारखी शिक्षणसंस्था मराठी माणसांनी उभी केलेली आहे. गच्चीबोवलीहून ते सगळं लांब पडतं, ते सोडा. मला इथलं पहिलं आपलेपण वाटलं ते रस्त्यावर. संध्याकाळी फूटपाथवर बायका चूल किंवा गॅस मांडून ज्वारीच्या भाकरी थापतात, ‘जोन्न रोट्टे’ म्हणतात. पहिल्यांदा ती हातावरची थपथप ऐकली आणि मी गाडी बाजूला घेतली. सोबत लाल चटणी देतात. आपल्या ठेच्याची सर नाही, पण चालते.

इथे येणार असाल तर पहिला महिना हॉस्टेलात काढा. पुण्यात ज्याला पीजी (पेइंग गेस्ट) म्हणतात त्याला इथे हॉस्टेल म्हणतात, माधापूर-गच्चीबोवलीत गल्लोगल्ली आहेत. घर बघायला रविवारी सकाळी जाऊ नका. कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता ऑफिसातून निघा आणि त्या घरापर्यंत प्रत्यक्ष जाऊन बघा. मेट्रो रायदुर्गला संपते, त्यामुळे ऑफिस फायनान्शियल डिस्ट्रिक्टला असेल तर मेट्रोजवळचं घर म्हणून जादा भाडं देण्यात फारसा अर्थ नाही. मेंटेनन्स भाड्यात धरलाय का, तेही विचारून घ्या.

तिन्ही ऑफिसांचे पत्ते आणि आठवड्यात किती दिवस जावं लागणार ते खाली लिहा, मी माझं मत बदलायला तयार आहे. आणि हैदराबादच ठरलं तर दिवाळीच्या तिकिटाचं विसरू नका. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं आणि आपल्या बाजूची अर्धी पोरं त्या आठ वाजता फोन हातात घेऊन बसलेली असतात.