भरपाई म्हणजे भरून पावणे

जयसिंगपूरच्या एका वाचकाचा प्रश्न : हवामान परिषदेच्या बातमीत 'नुकसानभरपाई निधी' असे वाचले, हे जोडून लिहायचे की तोडून? आणि 'हानी' व 'नुकसान' यांत फरक आहे का?

जोडून. पण त्या बातमीत हा शब्दच नको होता, आणि २०२२पासून तो वाचून वाचून मी वैतागलो आहे. त्या वर्षी इजिप्तमध्ये शर्म-अल-शेखच्या हवामान परिषदेत, हवामान बदलाचा फटका बसणाऱ्या विकसनशील देशांसाठी ठरलेल्या निधीच्या नावात 'लॉस अँड डॅमेज' आहे, भरपाई नाही. ती अनवधानाने राहिलेली नाही. पॅरिस हवामान करारासोबतच्या २०१५च्या निर्णयात, ५१व्या परिच्छेदात, लिहूनच ठेवले आहे की हानी-नुकसानीच्या कलमावरून कोणावर दायित्व येत नाही की भरपाई मागता येत नाही. अमेरिकेने हट्टाने घालून घेतलेले हे वाक्य आपले मथळे एका शब्दात खोडून टाकतात.

हा शब्द एवढा का झोंबावा, ते त्याच्या पोटातच आहे. 'पाई' म्हणजे नाणे, पै न् पै भरली ती भरपाई, असे कोणालाही वाटेल. साफ चूक. मराठीत नाण्याला 'पै' म्हणतात, 'पाई' नव्हे. ही पाई प्राप्तीची, 'पावणे'ची सख्खी. 'पावती'ही त्याच घरची. हिंदीत 'भर पाना', आपल्याकडे 'भरून पावणे'. आजोबांच्या गुळाच्या हिशेबाच्या कागदांत रेव्हेन्यू तिकिटावर आडवी सही आहे आणि वर ओळ : 'रक्कम भरून पावलो, तक्रार नाही.' भरपाई ही ती ओळ. देणे होते, ते पुरते फिटले. देणेकरी कबूल झाल्याशिवाय भरपाई कसली?

त्या निधीला शोभणारा शब्द कोल्हापूरकरांना पाठ आहे. २०१९च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फूटही मागे टाकले. पंचनाम्यानंतर हाती आले ते 'सानुग्रह अनुदान'. स-अनुग्रह, म्हणजे कृपा म्हणून दिलेले. त्यावर हक्क सांगता येत नाही. विमा उतरवलेल्या दुकानदाराला मिळाली ती भरपाई. पॅसिफिकमधल्या वानुआतू या बेटदेशाने १९९१मध्ये छोट्या बेटांसाठी मागितली होती ती अशीच विम्याची सोय, श्रीमंत देशांच्या वर्गणीतून. ती मिळाली नाही.

राहिला फरक. आपण 'जीवितहानी' म्हणतो, 'जीवितनुकसान' कधीच नाही. आणि उसाचे होते ते नुकसान. 'हानी'तला 'हा' धातू सोडून जाण्याचा, त्यामुळे गेले ते गेले. 'वित्तहानी' माझ्यापुढे कोणी नाचवू नये, तो जीवितहानीच्या जोडीला ओढून आणलेला शब्द आहे. लॉसला हानी, डॅमेजला नुकसान. मथळ्यात 'हानी व नुकसान निधी' छापा.