वाचकांचे प्रश्न : वस्तूंचे फोटो, व्यवसाय म्हणून

कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स आहे. प्रॉडक्ट फोटोग्राफी सुरू करायची तर पुढचा खर्च कशावर करू?

आधी चांगला जड ट्रायपॉड, मग प्रकाश, त्यानंतर मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोकस होणारी). नवा कॅमेरा सगळ्यात शेवटी. तुमची लेन्स सुरुवातीला पुरेल, फक्त ती ५५ मिलिमीटरवर ठेवा. १८ वर फ्रेम भरायला वस्तूच्या फार जवळ जावे लागते. मग पुढची बाजू फुगते, आणि किंचित वरून घेतलेली बाटली तळाकडे निमुळती दिसते.

प्रकाशासाठी एक फ्लॅश, साधारण ६० × ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारा, पुढे पांढरा पडदा असलेला डबा), दोन पांढरे आणि दोन काळे पुठ्ठे एवढ्यावर बरेच काम होते. एलईडी घेणार असाल तर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा, ९५ च्या वर हवा. दिवा लुकलुकणारा असेल तर वेगवान शटरला फोटोत आडवे पट्टे येतात. खिडकीचा प्रकाश सुंदर असतो, पण ढग आला की बदलतो आणि तिसावा फोटो पहिल्याशी जुळत नाही. ग्राहक पैसे देतो ते या सारखेपणाचे. एखादा देखणा फोटो कुणालाही जमून जातो.

आयएसओ (संवेदनक्षमता) १००, शटर १/१२५ सेकंद, छिद्र एफ ८ ते एफ ११. एफचा आकडा मोठा तितके छिद्र बारीक. एफ १६ च्या पुढे विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) पूर्ण फोटोच मऊ पडू लागतो, त्यामुळे 'सगळे फोकसमध्ये हवे' म्हणून छिद्र बारीक करत जाऊ नका. त्यापेक्षा वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून पाच-सहा फोटो घ्या आणि ते एडिटिंगमध्ये एकत्र जोडा. व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून कॅमेऱ्यातली रंगांची जुळणी) ऑटोवर कधीच नको. सगळे बसवून झाले की फ्लॅश बंद करून त्याच सेटिंगवर एक फोटो काढा. तो पूर्ण काळा यायला हवा. काही दिसले तर खोलीतला प्रकाश मिसळतो आहे, म्हणजे रंग बिघडणार.

स्टीलच्या बाटल्यांचे फोटो काढते. त्यात मी, ट्रायपॉड, खिडकी सगळे दिसते. सॉफ्टबॉक्स लावला तर पांढरा चौकोन उमटतो. पोलरायझर फिरवूनही काही फरक नाही.

पोलरायझरचा, म्हणजे चकाकी कापणाऱ्या फिल्टरचा, दोष नाही. काच, प्लास्टिक, वॉर्निश यांच्यावरची चकाकी ठरावीक कोनात ध्रुवीकृत होते, म्हणजे तिच्या लहरी एकाच दिशेत डोलतात, म्हणून तिथे तो उपयोगी पडतो. धातूवरून परतणारा प्रकाश तसा होत नाही, म्हणून नुसता लेन्सवर लावून भागत नाही.

चकचकीत धातूला स्वतःचे रूप जवळजवळ नसतेच. आपण पाहतो ते त्याच्यातले आजूबाजूचे प्रतिबिंब. म्हणून इथे बाटलीवर प्रकाश टाकायचा, असा विचार सोडा आणि बाटलीला काय दाखवायचे ते ठरवा. गोल बाटलीला जवळजवळ पूर्ण खोली दिसते, त्यामुळे तिच्याभोवती छोटी खोलीच बांधावी लागते.

बाटलीच्या एका बाजूला, फ्रेमच्या अगदी बाहेर, १५-२० सेंटिमीटरवर ट्रेसिंग पेपर किंवा डिफ्युजनचा (प्रकाश पसरवणारा) ताव उभा करा. त्याची उंची बाटलीच्या दुप्पट तरी असावी. सॉफ्टबॉक्स या तावाच्या मागे, अर्ध्या मीटरवर ठेवा. आता बाटलीत सॉफ्टबॉक्सची कड दिसणार नाही, ताव दिसेल. दिवा तावाच्या जवळ आणला की मध्ये उजळ आणि कडेला विरत जाणारी छटा मिळते. लांब नेला की सपाट पांढरे. धातूला विरत जाणारी छटाच शोभते, कारण गोलाई तिच्यामुळेच कळते. म्हणूनच चहूबाजूंनी पांढऱ्या कापडाचा तयार तंबू आम्ही धातूसाठी सुचवत नाही. त्यात सगळीकडून सारखाच प्रकाश येतो आणि स्टील राखाडी प्लास्टिकसारखे दिसते.

दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा लावा. मग दोन्ही बाजूंना, फ्रेमला लागून, काळ्या पुठ्ठ्याच्या दोन-तीन सेंटिमीटर रुंद पट्ट्या उभ्या करा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर स्टीलची कड विरघळून जाते. या पट्ट्यांचे प्रतिबिंब तिथे बारीक गडद रेघ ओढते आणि बाटली वेगळी उठते. पट्टी एक सेंटिमीटर सरकवली तरी रेघेची जाडी बदलते, म्हणून इथे घाई नको.

राहिला कॅमेरा. काळ्या पुठ्ठ्याला लेन्सपुरते भोक पाडून तो लेन्सवर अडकवा, अंगात गडद कपडे घाला, आणि जमेल तर ९० ते १०५ मिलिमीटरची लेन्स वापरून लांब उभे राहा. प्रतिबिंब लहान होते आणि नंतर पुसायला सोपे जाते. चमच्याच्या खोलगट भागातून ते पूर्णपणे जात नाही, तिथे रिटचिंगचा (एडिटिंगमध्ये डाग, प्रतिबिंबे पुसण्याचा) वेळ धराच.

काचेलाही हाच विचार लागू पडतो. मागे फ्रेमएवढाच उजळ पडदा आणि दोन्ही बाजूंना काळे पुठ्ठे ठेवले की काचेच्या कडा गडद दिसतात. मागे काळे ठेवून त्याच्या भोवतालून प्रकाश दिला की कडा उजळतात.

हातात सुती मोजे घाला आणि प्रत्येक फोटोआधी ब्लोअरने धूळ उडवा. बोटाचा एक ठसा पुसायला स्क्रीनवर जितका वेळ जातो, त्यात कापडाने दहा बाटल्या पुसून होतात.

पार्श्वभूमी पांढरी ठेवूनही फोटोत राखाडी येते. एडिटिंगमध्ये उजळवली की वस्तूच्या कडा खाल्ल्या जातात.

एकच दिवा वस्तूवर आणि मागच्या कागदावर दोन्हीकडे वापरत असाल. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथा हिस्सा उरतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). मागचा कागद राखाडी होणारच.

वस्तू कागदापासून एक ते दीड मीटर पुढे आणा आणि कागदाला वेगळा दिवा द्या. तो वस्तूपेक्षा अर्धा ते एक स्टॉप उजळ असला की झाले. याहून जास्त दिलात तर मागचा प्रकाश लेन्समध्ये पसरतो आणि कडा फोटोतच फिक्या पडतात, मग एडिटिंगमध्ये परत येत नाहीत.

अ‍ॅमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोची पार्श्वभूमी आरजीबी २५५, २५५, २५५, म्हणजे शुद्ध पांढरी, लागते आणि वस्तूने फ्रेमचा किमान ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. पार्श्वभूमी डोळ्यांनी ठरवू नका, एडिटिंगमधल्या आयड्रॉपरने (रंगाचे आकडे दाखवणाऱ्या साधनाने) चारही कोपरे तपासा. फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत द्या. अ‍ॅडोबी आरजीबीतली फाइल अनेक ठिकाणी फिकी, मरगळलेली दिसते.

ग्राहकाने ४० वस्तूंचे, प्रत्येकी तीन बाजूंनी फोटो मागितले आहेत. दर कसा काढू?

आधी तास मोजा. बहुतेक नवे लोक फक्त शूटचा दिवस धरतात आणि तिथेच बुडतात. पुसणे, मांडणे, तीन फोटो, यासाठी प्रत्येक वस्तूला ८ मिनिटे धरली तर ३२० मिनिटे होतात. १२० फोटोंचे रिटचिंग प्रत्येकी ४ मिनिटांनी ४८० मिनिटे. सेट लावणे आणि चाचण्या ९० मिनिटे, निवड आणि फाइल तयार करणे ६० मिनिटे. एकूण ९५० मिनिटे, म्हणजे जवळपास १६ तास. हे दोन दिवसांचे काम आहे, आणि तेही वस्तू साध्या असतील तर. धातू आणि काच असेल तर प्रत्येक वस्तूचा वेळ दुप्पट धरा.

मग दिवसाचा दर. महिन्याचा घरखर्च, भाडे, विमा, कर, आणि साहित्याची किंमत ३६ महिन्यांत वाटून येणारा हप्ता, हे सगळे जोडा. त्याला महिन्यातल्या निम्म्याच कामाच्या दिवसांनी भागा. उरलेले दिवस भेटीगाठी, कोटेशन आणि वसुलीत जातात. जो आकडा येईल त्याखाली आम्ही तरी जाणार नाही.

कोटेशनमध्ये फोटोंची संख्या, बाजू, दुरुस्तीची एकच फेरी, फोटो कुठे आणि किती काळ वापरणार, अर्धी रक्कम आगाऊ, हे सगळे लिहा. वस्तू ओरखडलेल्या आल्या तर पुसण्याचे पैसे वेगळे, हेही त्यातच. तोंडी ठरलेले नंतर प्रत्येकाला वेगळे आठवते.

अजून एकही ग्राहक नाही. ओळखीच्या लोकांचे काम फुकट करून पोर्टफोलिओ करू का?

गरज नाही. घरातल्या वस्तू घ्या : धातू, काच, कापड, चामडे, मॅट प्लास्टिक, छापील खोका. प्रत्येकाचे दोन-दोन फोटो पुरे. त्यासोबत एकाच मांडणीत, एकाच प्रकाशात काढलेल्या आठ वस्तूंची मालिका हवीच. उत्पादकाला ती मालिका पाहून कळते की आपला पूर्ण कॅटलॉग तुमच्याकडे सोपवता येईल. अशा मालिका नसलेले पोर्टफोलिओ फार दिसतात, याचे वाईट वाटते.

ग्राहक रॉ फाइलही मागतो आहे. द्यावी का?

कोटेशनमध्ये ठरले नसेल तर देऊ नका. रॉ म्हणजे कॅमेऱ्यातली, प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, अर्धे झालेले काम. ते दुसऱ्या कुणी कसेही पुरे केले तरी तुमच्या नावावर जाते. द्यायचीच असेल तर वेगळा दर लावा. तुमच्याकडे मात्र तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या जागी. आणि सेट मोडण्यापूर्वी त्याचा मोबाइलवर फोटो काढा, दिवा, ताव आणि कॅमेरा यांची अंतरे फितीने मोजून फ्लॅशच्या पॉवरसकट लिहा. सहा महिन्यांनी त्याच ग्राहकाच्या चार नव्या बाटल्या आल्या की त्या जुन्या चाळीसांशी जुळवताना हीच नोंद लागेल.