आधी ती ट्रेडमिल हलवा

ताई, मी ५६ वर्षांचा. पुण्यात सिंहगड रस्त्याला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. सांगलीच्या गावभागातलं आमचं जुनं घर विकलं, दोन महिन्यांत ताबा द्यायचाय. आई (वय ७९) आता कायमची आमच्याकडे येणार. पण सामानावरून रोज वाद. पितळी डबे १४, घागरी २, परात, बंब, पाटा-वरवंटा, हाताचं शिवणयंत्र, पाट ६, शिवाय एक लोखंडी ट्रंक. ट्रंकेत दोन शाली आणि कसलेसे कागद, बाकी रिकामीच. पण आईचा हट्ट सगळ्यात जास्त त्या ट्रंकेचाच. २०१९ च्या पुरात निम्मं सामान गेलं तेव्हा अवाक्षर काढलं नाही, आणि आता एकेका डब्यासाठी भांडते. फोटो काढून ठेवू म्हटलं तर हसली. आमच्याकडे जागा कुठे आहे? लेक तीन वर्षं बंगळुरूला नोकरीला आहे, तिची खोली आहे तशी ठेवलीय (माझी ट्रेडमिलही तिथेच), त्यामुळे आईची झोपायची सोय हॉलमधल्या दिवाणावर केली आहे. पुढच्या महिन्यात ती आठ दिवस मावशीकडे जाणार आहे, तेव्हाच सगळं आवरून टाकावं असं बायकोचं म्हणणं. आईला न दुखावता कसं पटवू?
– एक वैतागलेला मुलगा

वैतागलेले चिरंजीव,

डबे १४, घागरी २, पाट ६. मोजदाद चोख आहे, बँकेत असाल तर नवल नाही. आणि एवढ्या काटेकोर यादीत आई निजणार कुठे, हे मात्र लेकीच्या खोलीच्या शेपटाला बांधून अर्ध्या वाक्यात उरकलंत. 'त्यामुळे' म्हणे! मी त्या 'त्यामुळे'पाशीच अडकले.

म्हणजे तुमच्या घरात एक अख्खी खोली आहे. तिला दार आहे, खिडकी आहे, भिंतीतलं कपाटही असणार. त्यात राहतंय कोण, तर बंगळुरूला राहणाऱ्या मुलीच्या शाळेतल्या ढाली, क्लासच्या नोट्स, दोन-चार टेडी आणि एक ट्रेडमिल. ट्रेडमिलवर टॉवेल वाळत असतात की नाही, खरं सांगा. लेकीच्या या पसाऱ्याचे फोटो काढून ठेवावेत असं तीन वर्षांत एकदाही मनात आलं नाही ना? ती युक्ती फक्त आईच्या डब्यांसाठी सुचली. ती हसली म्हणता. मीही हसले.

आता हॉलमधला दिवाण बघा. सकाळी सातला आईचं अंथरूण गुंडाळलं जाणार, कारण तासाभरात त्याच दिवाणावर पेपर घेऊन तुम्ही बसणार. दुपारी जरा पाठ टेकावी तर कुरियरवाल्याची बेल. रात्री तुमच्या बातम्या संपेपर्यंत तिनं खुर्चीत बसून पेंगायचं. लुगडं बदलायचं तर ओल्या बाथरूममध्ये. चष्मा, गोळ्या, दातांची डबी, विड्याचं साहित्य असलं तर ते, हे सगळं टीपॉयच्या खालच्या फळीवर, टीव्हीच्या रिमोटशेजारी. वयाच्या ७९ व्या वर्षी तिला घर मिळतंय ते असं, आणि तुम्ही मला विचारताय की ती डबे का सोडत नाही.

ट्रंकेचं कोडं तर तुम्ही स्वतःच सोडवून पाठवलंय. ट्रंक जवळजवळ रिकामी आहे आणि हट्ट सगळ्यात जास्त तिचाच आहे. मग हट्ट ट्रंकेतल्या सामानाचा नाही, हे उघड आहे. ट्रंकेला कुलूप असतं हो! तुमच्या त्या हॉलमध्ये तिच्या मालकीचं, तिच्या किल्लीनं उघडणारं दुसरं काय असणार आहे? ही बाई दिवाण काय असतो ते तुमच्याआधी ओळखून बसली आहे. फक्त 'मला खोली द्या' असं तोंडाने म्हणायची तिच्या पिढीला सवय नाही, म्हणून ती पितळेवर भांडते.

पुराचं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंत, त्याचा मला रागच आला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ ची. पाणी ओसरल्यावर गल्लोगल्ली भिजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटं, कुजलेलं धान्य यांचे ढीग घरांसमोर पडले होते. त्या ढिगात तुमच्या आईचं निम्मं घर होतं आणि ती गप्प राहिली. वस्तू सोडून देणं काय असतं हे तिला तुम्ही शिकवायला नको. तेव्हा नदीने नेलं. आता मुलगा नेतोय, आणि जागा असून नेतोय.

आणि ती मावशीकडे गेली की आवरून टाकायची कल्पना डोक्यातून काढा. वहिनींनाही सांगा. आईच्या लग्नात तिला मिळालेली भांडी तिची आहेत. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं १४ वं कलम तेच सांगतं, पूर्ण मालकी बाईची. (घर कोणाच्या नावावर होतं आणि विक्रीचे पैसे कोणाच्या खात्यात आहेत, हे पत्रात नाही, म्हणून विचारत नाही.) शिवाय कायदा राहू दे बाजूला, एक परात पालथी करून बघा. किंवा डब्याच्या काठाखाली बघा. बारीक ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं दिसतील, नाव, कोणाकडून, तारीख. माझ्याकडच्या एका पातेल्यावर 'आत्याकडून' असं आहे. पातेलं पडून चेपलं तिथे 'त्या'चा काना वाकडा झालाय. मोडवाला ते वजनावर घेतो, अक्षरं धरून.

मी हे असलं पाप केलेलं आहे, म्हणून एवढी फणफणतेय. नारायण पेठेतल्या वाड्यातून आम्ही दोन खोल्यांत आलो, तेव्हा सासूबाई लग्नाला गावी गेलेल्या असताना मी त्यांचा पाटा-वरवंटा परस्पर देऊन टाकला. आल्यावर त्यांनी ओट्याखाली वाकून पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. पुढची नऊ वर्षं चटणी वाढली की घास घ्यायच्या आधी फक्त एवढं म्हणायच्या, "मिक्सरची आहे ना?" नऊ वर्षं!

तर आता असं करा. आईशी सामानाचं अक्षर बोलू नका. आज रात्री लेकीला फोन लावा आणि सांगा की आजी तुझ्या खोलीत राहायला येतेय, तुला काय ठेवायचं ते एका खोक्यात बसव, बाकीचं मी देऊन टाकतोय. विचारू नका, सांगा. ती कमावती आहे, ढालींवाचून जगेल, आणि दिवाळीत चार दिवस येते तेव्हा दिवाणावर ती झोपेल. पंचविशीच्या पाठीला दिवाण सोसतो. ट्रेडमिल विका, कोणी घेत नसेल तर फुकट द्या. हे सगळं या रविवारी. घर लहान करायचं आहे ना? मग सुरुवात ज्याच्या घरात फालतू सामान आहे त्याने करायची असते.

खोली रिकामी झाली की टेप घेऊन मापं घ्या आणि सांगलीला जा. सोप्यातलं सामान बाजूला सारा आणि फरशीवर खडूने त्याच मापाचा चौकोन आखा. दहा बाय अकरा असेल तर दहा बाय अकरा. पलंग कुठे, कपाट कुठे, तेही आखा. मग खडू तिच्या हातात द्या आणि म्हणा, "आई, ही तुझी खोली. यात काय ठेवायचं ते तू ठरव." आणि चहा करायला आत निघून जा. तिथे उभं राहून 'हे कशाला, ते कशाला' करायचं नाही.

बंब ती स्वतःच बाजूला काढेल. फ्लॅटमध्ये काटक्या-गोवऱ्या पेटवता येत नाहीत, एवढं तिला कळतं. १४ डब्यांतले सहा आत येतील, नाहीतर चार. पाटा येईल की नाही ते मी सांगू शकत नाही. आला तर मुकाट्याने वर चढवा. उरलेलं कोणाला द्यायचं तेही तिलाच ठरवू द्या. कुठली घागर कुठल्या भाचीला, हे तिच्या डोक्यात केव्हाचं पक्कं असणार, तुम्ही विचारलं नाहीत इतकंच. शिवणयंत्र मात्र आणाच. लेकीच्या खिडकीचे पडदे बदलायचे असतीलच.

ट्रंक पलंगाखाली जाते का ते मात्र आधी बघून ठेवा. नसेल जात तर पलंगाला विटा लावा.

आणि चौकोन आखताना दार कुठे येतं तेवढी जागा मोकळी सोडा. ते कोणत्या बाजूला उघडतं ते दाखवा, आणि कडी आतून लागते हेही सांगा.