आधी वाऱ्याचं बघ

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

कॅनडातल्या लुनेनबर्गजवळच्या तुझ्या दोन एकरांचा आराखडा पाहिला. तळं, फळबाग, कोंबड्या, हरितगृह, सगळं पहिल्याच वर्षी! हौस कळते, पण यंदा फक्त आडोसा लाव.

नोव्हा स्कॉशियात येणारा प्रत्येक जण थंडीची चौकशी करतो. मी वाऱ्याला जास्त भितो. समुद्रावरून येणारा खारा वारा हिवाळ्यात कोवळ्या फांद्या नि कळ्या सुकवून टाकतो. त्याला भिंत घालू नकोस; वारा भिंतीवरून उसळतो आणि पलीकडे आपटतो. निम्मा वारा गाळून सोडणारी झाडी हवी. तिचा आडोसा उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत पोचतो. समुद्राच्या बाजूला बेबेरीची झुडपं आणि पांढरा स्प्रूस हे सदाहरित झाड, त्यांच्या आत ऑल्डरची झाडं. ऑल्डरच्या मुळांवरच्या गाठी कडधान्यांसारखा हवेतला नत्र धरतात, म्हणून तो मला फार प्रिय. सफरचंदं या झाडीच्या मागे, आणि तीही झाडी कमरेएवढी झाल्यावर.

माती आंबट निघणार. बारमाही पावसाने चुना धुऊन नेलाय; कोकणातल्या जांभ्यावरही पाऊसच हे करतो, फक्त चार महिन्यांत. परीक्षण करून घे आणि चुना घालून भाजीच्या वाफ्यांचा सामू (pH, आंबटपणाचं माप) साडेसहाच्या आसपास आण. एक कोपरा मात्र तसाच ठेव, ब्लूबेरीला आंबटच लागते.

खताला समुद्र आहेच. वादळानंतर काठावर आलेलं शेवाळ शरदात वाफ्यांवर पसर, मीठ पावसाने निघून जातं. खडकावरचं जिवंत शेवाळ कापायचं नाही.

आता तुझ्या वांग्या-भेंडीबद्दल. उघड्यावर विसर. तिथला समुद्र जूनपर्यंत गार असतो, धुकं येतं. तिथला उन्हाळा म्हणजे आपला रब्बी हंगाम समज: मेथी, कोथिंबीर, मुळा, वाटाणा, कोबी, बटाटा. साधारण तुझ्याच अक्षांशावर, अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर, इलियट कोलमन नावाचे शेतकरी-लेखक न तापवलेल्या हरितगृहात आत आणखी एक आच्छादन घालून भर हिवाळ्यात पालक काढत आले आहेत. पण नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत दिवस दहा तासांहून लहान असतो. तेव्हा पीक वाढत नाही, नुसतं टिकतं. म्हणून ते त्याआधीच वाढलेलं हवं, पेरणी ऑगस्ट-सप्टेंबरात.

मातीचे नमुने या महिन्यातच दे. चुना मुरायला वेळ लागतो. कोंबड्यांचं पुढच्या वर्षी बोलू.

तुझा,
मामा